हेलनच्या झाडाला सावित्रीचा दोरा

शरयू,

मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा नीलांबरीकडे आहे. दोन आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला. ‘काकू, या वर्षी थीम आहे “आपल्यातले कर्तृत्ववान”. तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या, कुणावर तरी लिहा ना प्लीज.’ मी कपाटातून जुने अंक काढले आणि मोजत बसले. आजवर सतरा डॉक्टर, नऊ इंजिनिअर, दोन प्रोफेसर आणि एक मोटेलवाला. टायपिस्ट एकही नाही. मी तिला परत फोन करून सांगितलं, मी शरयूवर लिहिणार.

‘शरयूकाकूंवर? पण त्यांनी... म्हणजे, आय मीन, शी इज सो स्वीट!’

स्वीट! तू स्वीट असतीस तर त्या झाडाचा दोन वर्षांपूर्वीच भुसा झाला असता. आणि त्यात नीलांबरीचाही हात असता, हे ती विसरली. हे वाक्य तिनं कापलं तर मी अंक घेणार नाही.

‘यांचा जन्म अमुक गावी, तमुक घराण्यात’ असलं लिहायला मला जमत नाही. नागपूरला बी.एस्सी. करताना जे निबंध लिहिले तेवढेच. म्हणून तुझ्याशी बोलते आहे तसंच लिहिते. बाकीच्यांनी बसून ऐकावं. तुला काही चुकलं वाटलं तर फोन कर, पण दुरुस्ती होणार नाही.

तू वाईची. मॅट्रिक, आणि त्यावर मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा. मिनिटाला साठ शब्द. चौऱ्याहत्तर साली नवऱ्याबरोबर या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आलीस, तो पीएच.डी. करायला आणि तू त्याचा प्रबंध टाइप करायला. प्रबंध झाला, पदवी मिळाली, आणि तुला त्या टायपिंगच्या जोरावर युनिव्हर्सिटीत ग्रीक आणि लॅटिन शिकवणाऱ्या विभागात नोकरी लागली. पुढची एकोणतीस वर्षं तू त्याच खुर्चीवर बसलीस. खुर्ची दोनदा बदलली असेल.

शहाण्णव साली नवऱ्याला आरिझोनात चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठी जागा मिळाली. ‘सहा महिन्यांत घर बघतो, मग तुम्ही दोघी या,’ म्हणाला. तुझी राधिका तेव्हा नववीत शिकत होती. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. मग कळलं की घर केव्हाच बघून झालंय आणि त्यात राहायला माणूसही आलंय. घटस्फोट त्यानं मागितला नाही, तूही मागितला नाहीस. नाव श्रीराम, आणि वनवास बायकोला.

यात आपल्या बायकांची मोठी पंचाईत झाली. हळदीकुंकवाला तुझं काय करायचं? माझं सोपं होतं. माझा नवरा नव्व्याण्णवला गेला, तेव्हापासून वसुधाचा करंडा माझ्यापुढून थेट पुढे जातो. पण तुझ्यापुढे आला की तिचा हात अर्धं सेकंद हवेत थांबायचा. मग कुंकू लागायचं, नाही असं नाही. पण ते अर्धं सेकंद मी किती वर्षं पाहिलं. तूही पाहिलंस, आणि दर वेळी मान जरा जास्तच वाकवलीस. वसुधा मनानं वाईट नाही हे आत्ताच लिहून ठेवते, कारण ती हे वाचणार आहे आणि नंतर मला फोन करणार आहे. हार्टच्या डॉक्टरची बायको, तीस वर्षं या गावातले सगळे सण तिनं अंगावर घेतले. तिच्याशिवाय आपण संक्रांतही विसरलो असतो.

आता ग्रीकांकडे येते. तुमच्या विभागात प्रोफेसर हॅलोरन होते. झाडं आणि देव यांवर त्यांनी चारशे पानांचं पुस्तक लिहिलं आणि ते सहा वर्षं तू टाइप केलंस, पाच-पाच वेळा. अक्षर असं की कोंबडीनं पाय बुडवून चालावं. मध्ये मध्ये ग्रीक शब्द, म्हणून तू ती लिपी शिकलीस. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आपण दोघी तळ्याभोवती चालायला जायचो आणि तू मला सकाळी टाइप केलेलं सांगायचीस. कीर्तनकारासारखं. कधी ओक, कधी ऑलिव्ह, आणि शेवटी सहा महिने नुसता चिनार.

‘ताई, क्रीट बेटावर झऱ्याकाठी एक चिनार होता. झ्यूस बैलाचं रूप घेऊन युरोपाला पळवून घेऊन आला, तो थेट त्याच्याखाली. तेव्हापासून त्या झाडाची पानं म्हणे हिवाळ्यातही गळत नाहीत.’

‘पळवून आणली, आणि बक्षीस झाडाला?’

‘ऐका तर. हेलनचं तुम्हाला ठाऊक आहे?’

‘तिला कोण ओळखत नाही? नवऱ्याला टाकून परक्याबरोबर गेली आणि दहा वर्षं माणसं मेली.’

‘तिचा नवरा मेनेलॉस. तिला परत आणायला सैन्य जमवत हिंडत होता ना, तेव्हा वाटेत एका पाणवठ्यावर त्यानं चिनार लावला. ते झाड त्याच्या नावानं ओळखायचे.’ तू थांबलीस. ‘आमच्या माणसानं जाताना कुंडीतल्या तुळशीला पाणीसुद्धा घातलं नाही.’

हे तू हसत म्हणालीस. मी हसले नाही.

मग तू स्पार्टातल्या पोरींची गोष्ट सांगितलीस. हेलनच्या लग्नात तिच्या मैत्रिणींनी कमळांची माळ गुंफली आणि चिनाराच्या फांदीला टांगली. चांदीच्या कुपीतून मुळाशी तेल सोडलं. आणि सालीवर कोरून ठेवलं, की येणाऱ्या-जाणाऱ्यानं या झाडाला मान द्यावा, हे हेलनचं आहे. पुढं तिनं जे काय केलं ते केलं, पण झाडाचा मान गेला नाही, असं तू म्हणालीस. ते हॅलोरनच्या पुस्तकात नव्हतं. ते तुझं होतं.

पुस्तक छापून आलं. प्रस्तावनेत त्यांनी बायकोचे आभार मानले, दोन सहकाऱ्यांचे मानले, आणि पायाशी बसून साथ देणाऱ्या कुत्र्याचेही मानले, नावासकट. तू पान उलटून पाहिलंस, म्हणालीस, ‘कुत्रा होता मात्र शांत.’ मी असते तर पुस्तक त्याच कुत्र्याला खायला घातलं असतं.

दोन हजार एकच्या वसंतात तुमच्या रस्त्यावर नगरपालिकेनं झाडं लावायची ठरवली. ज्याच्या दारात झाड, त्यानं दोन वर्षं आठवड्याला दोनदा पाणी घालायचं आणि तसं फॉर्मवर सही करून द्यायचं. यादीत मेपल होता, लिंडन होता, लंडन प्लेन होता. सगळ्यांनी मेपल मागितला, शरदात लाल होतो म्हणून. तू लंडन प्लेन, म्हणजे चिनारच, मागितलास.

‘हा काश्मीरचा तोच का?’ मी विचारलं.

‘त्याचा मुलगा. बाप तिकडचा चिनार, आई इथली, ओढ्याकाठची सिकमोर.’

‘म्हणजे आपल्या पोरांसारखा.’

‘हो. बघू मराठी बोलतो का.’

मनगटापेक्षा थोडंसं जाड रोप होतं ते. दोन वर्षं तू बादल्या वाहिल्यास. भाड्याच्या घराचं अंगण, नगरपालिकेचं झाड, आणि या देशात तुझ्या एकटीच्या सहीनं घेतलेली ती पहिली गोष्ट. गाडीसुद्धा श्रीरामच्या नावावर होती. म्हणून सांगते, त्या झाडाचं जे व्हायचं होतं ते तुझंच व्हायचं होतं. हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं.

आता वटपौर्णिमा. पेनसिल्व्हेनियात वड नाही. वसुधा वर्षानुवर्षं दिवाणखान्यात कुंडीतला फायकस ठेवून त्याची पूजा करायची, तोही वडाच्याच कुळातला म्हणून. दहा-बारा बायका सोफे सरकवून त्याच्याभोवती फिरायच्या. दोन हजार दोन साली ऐन पूजेच्या आदल्या दिवशी त्या फायकसनं एकूण एक पान टाकलं. एसीचा झोत लागला होता, दुसरं काही नाही. पण बायका हादरल्या. वसुधाच्या नवऱ्याचं बायपास नुकतंच झालेलं. पुढच्या वर्षी घरातलं झाड नको, मातीतलं हवं, असं ठरलं. तेव्हा तू चहाचा कप खाली ठेवून म्हणालीस, ‘माझ्या दारात एक आहे. आणि त्याची पूजा करायची जुनी रीत आहे.’

‘कुणाची रीत?’ वसुधानं विचारलं.

तू भोळेपणानं स्पार्टाची सगळी गोष्ट सांगितलीस.

‘म्हणजे,’ वसुधा सावकाश म्हणाली, ‘यमाकडून नवरा परत आणणाऱ्या सावित्रीचं व्रत, आपण नवरा सोडून पळालेल्या बाईच्या झाडाला करायचं?’

‘परत आली होती ती,’ तू म्हणालीस. ‘आणि नंतर त्याच्याबरोबरच राहिली.’

‘दहा वर्षांनी!’

‘आता बघा वसुधाताई, जवळचा वड फ्लोरिडात.’

मी मधे पडले. ‘सावलीशी मतलब. झाडाला विचारणार आहात का, तुझ्याखाली कोण कोण बसून गेलं?’ त्यावर सगळ्या हसल्या आणि विषय मिटला.

दोन हजार तीनच्या जूनमध्ये पहिली पूजा. वसुधा झाड पाहून म्हणाली, ‘हे झाड आहे? ही काठी आहे.’ पण नऊवारीतल्या बाया फुटपाथवर गोल गोल फिरताना पाहून पोस्टमननं गाडी थांबवली आणि माझा सणच झाला. मी विधवा, मी आपली गाडीत बसून आंबे सांभाळत होते.

दोरा, हाच तो घोळ. कापसाचं सूत कुणाकडे उरलं नव्हतं. शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत मिळालं असतं, पण दोऱ्यासाठी नऊ तास ड्राइव्ह कोण करणार? वसुधानं इथल्याच हस्तकलेच्या दुकानातून नायलॉनची पांढरी गुंडी आणली. चकचकीत, बळकट. ‘अजिबात तुटत नाही!’ ती कौतुकानं म्हणाली. सात फेरे, दहा बायका, सत्तर वेढे. पुढच्या वर्षी आणखी सत्तर. त्याच्या पुढच्या वर्षी नीलांबरीसारख्या नव्या आलेल्या आयटीवाल्यांच्या चौघी वाढल्या.

तूही गुंडाळायचीस. मी एकदा विचारलं, ‘श्रीरामसाठी?’

‘छे. मी झाडाला सांगते, बाबा, तू जग.’

आणि झाडाला तर आपण सगळ्या मिळून फास लावत होतो. कापसाचं सूत पावसात कुजतं, झाड वाढलं की तुटतं. म्हणूनच आपल्याकडे वडाला काही होत नाही. नायलॉन कुजत नाही. चिनार भराभर वाढतो. दोऱ्याच्या वर साल फुगत गेली, मडक्याच्या गळ्यासारखी. तुला ते दोन हजार पाच सालीच दिसलं होतं. आणि तू वर्षभर गप्प राहिलीस! हे मात्र मी कौतुकात घालणार नाही. मी तुझ्यावर तेव्हा ओरडले, अजूनही ओरडते.

‘दुसऱ्यांच्या सौभाग्याचा दोरा, ताई. मी कापला तर काय म्हणतील? हिचा गेला, म्हणून आमचे तोडते.’

सहाच्या मे महिन्यात नगरपालिकेचा झाडं तपासणारा माणूस आला. वॉल्टर, उंच, बुटांना चिखल. त्यानं खोडावरचे दोरे बोटानं उचलायचा प्रयत्न केला, उचलले जाईनात. तुझ्या दारावर नोटीस लावली: झाड गुदमरलेलं, जून महिन्यात काढण्यात येईल. तू ऑफिसातून आलीस, ती वाचलीस आणि पर्स न ठेवता मला फोन केलास. मी पोचले तेव्हा तो माणूस अजून समोरचे मेपल तपासत होता.

‘हे कुणी केलं?’ त्यानं विचारलं.

‘आम्ही,’ तू म्हणालीस. ‘पूजा करताना.’

‘कसली पूजा?’

‘नवऱ्यांना आयुष्य मिळावं म्हणून.’

तो खोडाकडे वळला. ‘मॅम, नवऱ्यांचं मला माहीत नाही. याचं तुम्ही कमी केलंत.’

तू रडली नाहीस. फॉर्मची कॉपी आतून आणलीस आणि त्याच्यापुढे धरलीस. ‘इथं माझी सही आहे. मला वेळ द्या.’

त्यानं डोकं खाजवलं. दहा दिवसांत सगळे दोरे निघाले पाहिजेत. पुढच्या जूनमध्ये झाड जिवंत असलं, पानांनी भरलेलं असलं, तर नोटीस रद्द. नाहीतर करवत. ‘आणि घाई करा,’ म्हणाला, ‘तो आतून उपाशी मरतोय.’

शनिवारी वसुधाकडे बैठक. तू सरळ सांगितलंस, दोरे कापायला हवेत. आणि मग जे झालं ते मी शब्दाला शब्द लिहिते, कारण त्या दिवशी मला माणसं कळली.

‘कापायचे? बांधलेले? यांचं बायपास झालंय, शरयू!’ वसुधा.

‘मी हे सगळं मानत नाही हं,’ नीलांबरी म्हणाली, ‘पण... व्हाय टेक अ चान्स?’

‘आपोआप पडतील की.’ हे कुणी म्हटलं ते लिहीत नाही, ती आता आजी झाली आहे.

मी म्हटलं, ‘आणा इकडे कात्री. माझं काय जायचंय? जायचं ते गेलं.’

वसुधा चाचरली. ‘शोभनाताई, रागावू नका, पण तुमचा हात... या दोऱ्यांना नको.’

मी रागावले. भयंकर रागावले. तोंड उघडणार एवढ्यात तू उभी राहिलीस.

‘मी कापते.’

‘तू?’ वसुधा म्हणाली. ‘तुझं काय गं, तुझं तर...’ आणि थांबली. तेच अर्धं सेकंद. फक्त या वेळी त्याला आवाज होता.

‘बोला ना पुढं,’ तू म्हणालीस. आवाज चढला नव्हता. ऑफिसात फोनवर बोलतेस तसा. ‘माझा नवरा जिवंत आहे. टाकून गेला, तरी जिवंत आहे. माझ्या कपाळावर कुंकू आहे आणि माझाही दोरा त्या झाडावर आहे. आधी तो कापते. आभाळ कोसळायचं असेल तर माझ्यावर कोसळू दे. लोक म्हणतील, शरयूनं जळून केलं. म्हणू देत. पण वसुधाताई, दहा वर्षांत तुमच्यापैकी कुणाचा नवरा मी मागितला का? कुणाच्या घरी जेवायला यायचं म्हटलं का? मी एक झाड मागते आहे.’

तू पर्स उचललीस आणि निघालीस. शरयू, मी त्र्याहत्तर वर्षांची होते तेव्हा. पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, स्वातंत्र्याच्या आधीची आणि नंतरची. मला त्या दिवशी उभं राहून टाळ्या वाजवाव्या वाटल्या. गुडघे दुखत होते म्हणून नाही उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तू टेबलाच्या खणातली कागद कापायची कात्री, भरतकामाची छोटी कात्री, पाकिटं फोडायची बोथट सुरी आणि भुवयांचा चिमटा घेऊन झाडापाशी बसलीस. मी घडीची खुर्ची टाकून शेजारी. वरचे दोरे निघाले पटकन. खालचे सालीनं गिळले होते, बोटाच्या पेराइतके आत. एकेक शोधायचा, चिमट्यानं उचलायचा, साल न दुखवता कापायचा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पानांतल्या चुका शोधल्यास ना, ती नजर तिथं कामाला आली.

आणि समोरच्या फुटपाथला लागून पाच गाड्या. आत आपल्या बायका. काचा वर. उतरायला कुणी तयार नाही, आणि घरी जायलाही नाही.

दहाच्या सुमारास पहिल्या गाडीचं दार उघडलं. वसुधा थर्मास घेऊन रस्ता ओलांडून आली. मला चहा दिला, तुला दिला. मग खोडापाशी वाकून म्हणाली, ‘तो बघ, गाठीला हळद आहे तो माझा.’

‘कापू?’

‘मी धरते टोक. ताणलेला असला की साल दुखणार नाही.’

तिनं डोळे मिटले आणि टोक धरलं. तू कापलास. ती उभी राहिली, तळहातावर दोरा, आणि इकडेतिकडे पाहू लागली. आभाळ जिथल्या तिथं होतं. मग बाकीच्या एकेक करून उतरल्या. आपापल्या दोऱ्याचं टोक धरायला रांग लागली. नीलांबरीही होती रांगेत, न मानणारी.

दुपारी एकला शेवटचा दोरा निघाला. नायलॉन ओढ्यात सोडता येत नाही, मासे मरतात. कचऱ्यात टाकवत नाही. शेवटी वसुधानं स्टीलच्या डब्यात भरून देवघरात ठेवले. अजून तिथंच आहेत. गावातले सगळे नवरे एका डब्यात.

जुलैत तिच्या डॉक्टरसाहेबांचा गोल्फ खेळताना पाय घसरला आणि घोट्याला प्लास्टर बसलं. फोनवर फोन सुरू झाले. तू कुणाच्या फोनची वाट पाहिली नाहीस. डबाभर बेसनाचे लाडू घेऊन सरळ त्यांच्या घरी गेलीस आणि दारातच विचारलंस, ‘पाय कसा आहे, आणि दोष कुणाचा?’ आतून सोफ्यावरून डॉक्टर ओरडले, ‘दोष बुटांचा! लाडू इकडे आणा!’ त्यानंतर फोन बंद.

हिवाळा गेला. सातच्या एप्रिलमध्ये पानं फुटली, आणि मेमध्ये सगळी तपकिरी होऊन गळली. तू दोन दिवस ऑफिसला गेली नाहीस. वॉल्टरला फोन केला तर म्हणाला, गार-ओल्या वसंतात या जातीला बुरशी धरते, कदाचित ती असेल. कदाचित झाड संपलं असेल. पुन्हा पालवी आली तर कळेल. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, म्हणून आपली पौर्णिमा पार जूनच्या तीस तारखेला गेली. वॉल्टरला पंचांग समजावून सांगायचा प्रयत्न तू केलास. ‘आमच्याकडे दर तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो, तेवढा याला द्या.’ त्याला काय समजलं कोण जाणे, पण तो म्हणाला, ‘ठीक आहे, जास्तीचा महिना.’

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पालवी आली. आधी खालच्या फांद्यांवर, मग वर. महिनाअखेरीस पानं तळहाताएवढी. वॉल्टर आला, खोडावरच्या वळावरून हात फिरवला, नोटिशीवर आडवी रेघ मारून सही केली आणि तुला म्हणाला, ‘टफ लेडी.’ झाडाला म्हणाला की तुला, मी विचारलं नाही.

आदल्या वर्षी झाडाला पूजेतून सुट्टी होती. या पौर्णिमेला तू सगळ्यांना सांगितलंस, आता बांधायचं नाही. स्पार्टातल्या पोरींनी झाडाला बांधलं नव्हतं, माळ टांगली होती. आपणही टांगायची, आणि संध्याकाळी उतरवून घ्यायची. या वेळी हेलनचं नाव निघालं तरी कुणी हुं की चूं केलं नाही. वसुधानं आपल्या लग्नातली चांदीची अत्तरदाणी आणली, धुऊन त्यात तेल भरलं आणि मुळाशी चार थेंब सोडले. मोगरा मिळाला नव्हता, डेझीच्याच माळा. वाऱ्यानं हलत होत्या. आणि मग करंडा निघाला. मी मुद्दाम गाडीतून उतरून जवळ उभी राहिले होते, हात कसा येतो ते बघायला. तुझ्यापाशी आला तो न थांबता आला. पहिलं कुंकू तुला लागलं. मान तू वाकवली नाहीस, वसुधालाच टाचा उचलाव्या लागल्या.

थांबला तो माझ्यापाशी. मी म्हटलं, ‘पुढं चल बाई, आंबे तापतायत.’

ही तुझी कर्तबगारी. एक झाड. डॉक्टरांनी काय काय वाचवलं असेल ते त्यांच्या लेखांत येईल.

या वर्षी मार्चमध्ये तू निवृत्त झालीस आणि राधिकाकडे शिकागोला गेलीस. डेव्हनपासून दहा मिनिटांवर, आता हवं तेवढं सूत. झाडाला पाणी लागत नाही, मुळं खोल गेली आहेत. मी आठवड्यातून एकदा चक्कर मारते. साल सुटून पांढरं खोड दिसायला लागलंय. वळ आहे, तो राहणार.

पण एक काम राहिलं. जाताना तू मला कागद दिला होतास, ‘ताई, मेन रस्त्यावर चषकांवर नावं कोरणारा आहे ना, त्याच्याकडून एवढं पितळी पाटीवर करून घ्या. खोडाला ठोकायची नाही, मातीत खोचायची.’ कागदावर तुझ्या हातचे तीनच शब्द. मला मान द्या. मी म्हटलं, खाली तुझं नाव घालू. तू म्हणालीस, ‘नावं घालायला प्रस्तावना आहे होय ही?’

मी गेले एप्रिलमध्ये. तो म्हणाला, ही लिपी माझ्याकडे नाही, टाइप करून आणा, मी कोरतो. आता मराठी टायपिंग येणारी बाई या देशात मला एकच ठाऊक. तिच्यासाठी करायची पाटी तिच्याकडूनच टाइप करून घ्यायची, हे माझ्या मनाला पटेना. कॉम्प्युटरवर स्वतःच शिकेन म्हटलं. नीलांबरी एकदा दाखवून गेली, मी विसरले. दोनदा फोनवर तू विचारलंस आणि दोन्ही वेळा मी ‘दिलीय करायला’ म्हणून खोटं बोलले. ऑगस्टमध्ये पुन्हा गेले तर दुकान कायमचं बंद, काचेवर आतून कागद लावलेला.

तुझा कागद माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे, घडीवर थोडा फाटलाय.